रात्रीचं ‘हो’

लेकीच्या हळदीच्या दिवशी दुपारी हिरामण परसात मटणाचे टोप बघायला गेला आणि त्याला कळलं, की त्याच्यासाठी वेगळं वरण शिजतंय.

वेणूबाईने कोपऱ्यातल्या चुलीवरचं झाकण उचलून दाखवलं. वेणूबाई गावची धवलारीण. लग्नात धवले गायचे, कोणता विधी कधी आणि कुणाच्या हातून व्हायचा ते सांगायचं, हे तिचं काम. स्वयंपाकाशी तिचा संबंध नव्हता, पण टोप चढले की त्यांच्याभोवती एक फेरी मारल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

“तुमचं न्यारं ठेवलंय, दादा. पळी पन न्यारी. मटनाचा शिंतोडा उडनार नाय.”

“माझं न्यारं? ते कशाला?”

“आता मनाच इचारतंय कशाला म्हनून,” वेणूबाई कांदा चिरणाऱ्या बायांकडे बघून म्हणाली. मग आईच्या वयाच्या त्या बाईने पदर सावरून त्याला हात जोडले. “सोन्यासारखं केलंत. तुमच्या आयेने बघायला पायजे व्हतं.”

हिरामण पुढे मांडवात आला. तिथे खुर्च्या लावणारा एक चुलतभाऊ लगबगीने उठला आणि त्याच्या पायाला हात लावून गेला. या चुलतभावाशी हिरामणचं शुद्धीत असताना आजवर कधी बोलणंच झालं नव्हतं. हात लावून तो पुन्हा खुर्च्या लावायला लागला.

आता मात्र हिरामण कमळला शोधत आतल्या खोलीत गेला. कमळ उद्याच्या ओटीचे नारळ मोजत होती. तिने मान वर केली नाही.

“दिनानाथने सांगितलंय सगळ्यांना,” ती म्हणाली. “तुम्ही माळ घातली म्हणून.”

“कधी घातली मी माळ?”

“नाय घातली. मला ठाऊक आहे.”

“मग तू गप्प बसलीस?”

“एक दिवसाचं तर आहे. आजचा दिवस निभावून जाऊ दे.” तिने एक नारळ कानाशी नेऊन हलवला. तो उगाचच हलवला हे दोघांनाही कळलं.

दिनानाथ दाराशीच उभा होता. कमळचा हा धाकटा भाऊ पेणच्या एका शाळेत क्लार्क होता, आणि खराखुरा माळकरी. केलेल्या कामाबद्दल तो खूश दिसत होता.

“भावोजी, तुमच्या भल्यासाठीच केलं. सकाळपासून बघतोय मी. मांडवात येणारा प्रत्येक माणूस विचारतो, हिरामण हल्ली बसत का नाही? आणि तुम्ही सांगता, बसतो की, दोन घेतो आणि उठतो. हे कुणाला पटतं का? माळ म्हटलं की प्रश्न मिटला. बघा, दुपारपासून कुणी विचारलं?”

“माझ्या गळ्यात माळ कुठे आहे?”

“सदऱ्याच्या आत कोण बघायला येतंय.”

“आणि चार दिवसांनी मी दोन घेतले तर गाव म्हणेल, हिरामणने माळ मोडली.”

“मग सोडाच ना पुरती. दोनाचा एवढा मोह कशाला?” दिनानाथ म्हणाला.

दिनानाथचं सगळंच काही चुकत नव्हतं. त्यांच्या गावाला दोन तऱ्हेचे पुरुष माहीत होते, पिणारे आणि माळकरी. तिसरे, ज्यांना डॉक्टरने यकृताचा फोटो दाखवून घाबरवलं होतं. त्यांनाही लोक समजून घेत, त्यांच्या ताटाजवळ स्वतःहून सरबताचा ग्लास ठेवत. पण ज्याच्या गळ्यात माळ नाही, पोटात दुखत नाही, आणि जो तरीही दोन पेले घेऊन शांतपणे जेवायला उठतो, अशा माणसाचं करायचं काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. असा माणूस आपल्याला काहीतरी सुनावतोय असंच पंगतीतल्या इतरांना वाटे.

आणि खरं कारण सांगायचं तर ते इतकं लहान होतं, की हिरामणने ते अजून कमळलाही सांगितलं नव्हतं.

झालं होतं ते असं. गणपती गेल्यानंतरची एक सकाळ. थोरल्या लेकीची, अमिषाची मुलगी शाळेसाठी आजोळी राहायची. तिचं नाव पूर्वी. सात वर्षांची. अमिषा आणि तिचा नवरा, दोघांच्याही नोकऱ्या बेलापूरला, घर सकाळपासून बंद. तर त्या सकाळी पूर्वी तोंडात दात घासायचा ब्रश धरून हिरामणसमोर उभी राहिली.

“आजोबा, शाळेत मी मासा होणार आहे. मला खवले करून देशील?”

“देतो की. पण मग काल रात्री का नाही बोललीस? तासभर तर बसली होतीस माझ्याजवळ.”

पूर्वीने ब्रश बाहेर काढला. समोरच्याला समजेल अशा बेताने, एकेक शब्द सुटा करून ती बोलायला लागली. तिच्या बाई वर्गात असंच बोलत असाव्यात.

“रात्री विचारलं तर तू हो म्हणतोस. पण ते रात्रीचं हो असतं. सकाळी ते नसतं. म्हणून सकाळी विचारायचं.”

“हे तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. मावशी पण सकाळीच विचारते. आजी पण. मामा तर तू आंघोळीला जायच्या आधी विचारतो.”

एवढं बोलून ती चूळ भरायला गेली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. दुकान दुपारी बंद असतं, सकाळी जायचं, असं सांगावं तसं तिने सांगितलं होतं.

हिरामणने आधी ते हसण्यावारी नेलं. पण मग तो बघायला लागला. आणि एकदा बघायला लागल्यावर दिसेनासं होईना. धाकट्या लेकीला, प्राप्तीला पाहायला येणाऱ्यांचं बोलणं कमळ सकाळच्या चहाबरोबर काढायची. बंदरावर चालणाऱ्या ट्रेलरचा टायर नवा घालायचा की जुनाच रिमोल्ड करायचा, हे मुलगा प्रणय अंगणात सकाळी विचारायचा. आणि दिवे लागले, की ही सगळी माणसं त्याच्याशी पाहुण्याशी बोलावं तशी बोलायची. पंखा वाढवू का. जेवायला वाढू का. भात घ्या अजून. अख्ख्या घराने आपलं घड्याळ त्याच्या बाटलीला लावून घेतलं होतं, आणि ते इतक्या जुन्या काळापासून, की लावलंय हेही कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. रात्रीचं त्याने काय काय कबूल केलं असेल आणि सकाळी ते कुणी हळूच मिटवलं असेल, याचा हिशेब लागणं शक्य नव्हतं.

त्याने गाजावाजा केला नाही. दोन पेले, मग जेवण. पहिले पंधरा दिवस अवघड गेले, नंतर तितके नाही. आणि तेव्हापासून तो एकाच गोष्टीची वाट बघत होता. दिवे लागल्यावर घरातल्या कुणीतरी आपल्याला काहीतरी विचारावं. पण सवय त्याची सुटली तरी घराची सुटली नव्हती. संध्याकाळी तो ताठ बसून असायचा, डोकं शाबूत, आणि कमळ विचारायची, पंखा वाढवू का.

आजही तेच झालं. मांडवातल्या दिव्यांच्या माळा पेटवून बघत होते, तेवढ्यात हिरव्या साडीतली प्राप्ती हातात फोन घेऊन घाईने त्याच्याकडे आली. ती बंदराच्या रस्त्यावरच्या एका कंटेनर यार्डात कस्टमची कागदपत्रं बघायची. एरवी खणखणीत बोलणारी पोरगी, पण चेहरा उतरलेला होता.

“बाबा—” ती म्हणाली. तिने वर पेटलेल्या माळांकडे पाहिलं. “काही नाही. सकाळी बोलते.”

“सकाळी तुझं लग्न आहे.”

“मग नंतर बोलू,” म्हणून ती आत गेली. हिरामण तिच्या पाठीकडे बघत राहिला.

नामा वाजतगाजत आला. हिरामणचा थोरला भाऊ, भावकीतही वडीलधारा. वाजंत्री पुढे, खांद्यावर उंबराची फांदी, आणि पाय थोडे लांबलांब पडत होते. फांदी मांडवाच्या मधल्या खांबाशी रोवली. मांडवाच्या कडेला हिरामणचे दोन ट्रेलर धुऊन, हार घालून उभे होते. त्यांच्या बोनेटवर पोरं चढून बसली.

या घराची एक रीत होती. हळद लावण्याआधी थोरल्याने उंबराच्या फांदीच्या बुडाशी पितरांसाठी पेल्यातल्या दारूची धार सोडायची, आणि उरलेला पेला नवरीच्या बापाने प्यायचा. मग भावकीतल्या घराघराचा एकेक पेला नवरीच्या बापाला. पितर जेवल्याशिवाय हळद चढत नाही, असं वेणूबाई म्हणायची. हिरामणचा बाप आपल्या लेकीच्या हळदीला मिठागरावरून थेट मांडवात आला होता आणि मिठाने फुटलेल्या हातांनी त्याने हाच पेला धरला होता, हे नामा प्रत्येक लग्नात सांगायचा. आजही त्याने ते सांगितलं. मग धार सोडली, आणि पेला हातात धरून हिरामणकडे बघितलं.

वाजंत्री थांबली.

“तू माळ घातलीस म्हनतात,” नामा म्हणाला. “मना सांगायचंस तरी. भाऊ हाय मी तुझा. मना खुर्चीवाल्याकडून कळलं.”

“दादा—”

“बोलत नाय मी काय. चांगलं केलंस. मी पाया पडन तुझ्या.” त्याने हातातला पेला वर धरला. “पन मना सांग, या पेल्याचं काय?”

सगळ्यांनी वेणूबाईकडे पाहिलं. रिवाजातली अडचण तिनेच सोडवायची. वेणूबाईने क्षणभर विचार केला.

“बाप माळकरी, तर पेला लेकाचा,” ती म्हणाली. “प्रणयला द्या.”

कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. प्रणय ट्रेलरच्या पायरीवर बसला होता, तो उठून आला. चोवीस वर्षांचा पोरगा. मित्रांबरोबर कधीमधी घेत असेल, हिरामणला त्याची कल्पना होती. पण बंदराच्या गेटवर फुंकर मारून दाखवावी लागते आणि वास आला तर गाडी बाहेर उभी राहते, म्हणून तो जपून असायचा. बापासमोर त्याने कधी घेतली नव्हती. आता तो बापाकडे न बघता हात पुढे करत होता, आणि मागे चुलतभाऊ आपापल्या घराच्या पेल्यांची तयारी करत होते. बापाला म्हणून ठेवलेले ते सगळे पेले आता प्रणयच्या पोटात जाणार होते. एका खोट्याने एवढं केलं.

“थांब, प्रणय,” हिरामण म्हणाला. “पेला माझा आहे.”

दिनानाथ खुर्चीतून अर्धा उठला. कमळने मांडवाच्या कडेवरून मान हलवली, नको म्हणून.

“मी माळ घातलेली नाय,” हिरामण म्हणाला. त्याने सदऱ्याची वरची दोन बटणं काढून गळा दाखवला. मोकळा गळा बघून मागे कुणीतरी हसलं. “दिनानाथने माझ्या भल्यासाठी सांगितलं, त्याला कुणी बोलू नका. डॉक्टरने पण सांगितलेलं नाय. मी दोन घेतो, तेवढेच. हा पितरांचा, तो मी घेणार. एक जेवताना. तुमच्या सगळ्या घरांचे पेले मला पोचले, हात लावून परत देतो.”

त्याने नामाच्या हातून पेला घेतला आणि प्यायला. नामाने त्याला पिऊ दिलं. मग तो म्हणाला,

“माळ घातली असतीस तर माझं तोंड बंद व्हतं. नाय घातलीस, तर मग ह्यो माज हाय. भावकीचा पेला परत करतोस?”

“माज नाय, दादा.”

“मग काय हाय? संध्याकाळी यार्डाच्या भिंतीशी मी बसतो. आपला बसायचा बांध गेला, बंदराचा भराव पडला, तरी जागा तीच हाय. तू येतोस, दोन घेतोस, आन् उठतोस. मना सांग, मी त्या भिंतीशी बोलू? तुझी काय तबेत बिघडली, काय नवस हाय, का बायकोने घरात घ्यायचं बंद केलं?”

हसू उसळलं. हिरामणही थोडा हसला. मग त्याने पाहिलं, की पूर्वी दिनानाथच्या खुर्चीच्या हातावर बसून, गालाला आधीच चोरून हळद फासून, हे सगळं लक्ष देऊन ऐकत होती.

“माझी नात मला संध्याकाळी काही विचारत नाय,” तो म्हणाला.

लोक पुढच्या वाक्याची वाट बघत होते. ते येईना, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, “बरंच हाय ना मग. आमची तर रातभर डोकं खातात.”

“ती सकाळी विचारते,” हिरामण म्हणाला. “तिची आजी सकाळी विचारते. प्रणय, प्राप्ती, सगळी सकाळी. कारण रात्रीचं माझं हो सकाळी नसतं, हे त्या सात वर्षांच्या पोरीला पण ठाऊक आहे. मलाच नव्हतं.”

“तेवढ्यासाठी?” नामा म्हणाला.

“तेवढ्यासाठी.”

नामाने मान हलवली. एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस इतक्या वर्षांची बैठक मोडतो, हे त्याच्या गळी उतरत नव्हतं. तो मांडवात नजर फिरवत राहिला, आणि आपला मुलगा मितेश दिसल्यावर थांबला.

“काय रं मितेश,” तो मोठ्याने म्हणाला. विनोद करायच्याच बेतात होता तो. “तू मना कवा इचारतंस? सकाळी का संध्याकाळी?”

मितेश फोनवर काहीतरी बघत होता. त्याने मान वर केली. एवढ्या लोकांत खोटं बोलायची तयारी करायला त्याला वेळ मिळाला नाही.

“मी आईला विचारतो,” तो म्हणाला.

या वेळी कुणी हसलं नाही. नामाने बाटली उचलली, स्वतःसाठी पेला भरला आणि एकदम संपवला. “वाजवा रं,” तो वाजंत्रीवाल्यांना म्हणाला, “हलद चढू दे पोरीची.” वेणूबाईने धवला उचलला, आणि मांडव पुन्हा आपल्या वाटेला लागला.

हळद लागत असताना कमळने हिरामणला ट्रेलरच्या मागे गाठलं. तिच्या हातांना कोपरापर्यंत हळद होती, त्यामुळे ते तिने अंगापासून लांब धरले होते.

“एवढ्या लोकांत सांगायची काय गरज होती? मी इतकी वर्षं झाकून ठेवलं.”

“मला पण नाय सांगितलंस.”

“सांगणार कधी? ते पण सकाळीच सांगावं लागलं असतं.” ती थांबली. “आणि सकाळी तुम्ही चांगले असायचात. चांगल्या माणसाला उठून काय सांगायचं?”

मांडवातून बायांच्या गाण्याचा आवाज येत होता. पलीकडे बंदराच्या क्रेनवरचे दिवे लागले होते.

“माळेचं खोटं तुला चाललं असतं?” त्याने विचारलं.

“मला वाटलं, गावात एकदा नाव झालं की तुम्हाला मोडता येणार नाय. खोट्या माळेची खरी होईल.” तिने पिवळे हात उलटसुलट केले. “मला तुमच्या दोनाची भीती वाटते. माझ्या बापाने पण दोनच ठरवले होते. दर पाडव्याला ठरवायचा.”

“मी नाय सांगत, तिसरा कधीच घेणार नाय म्हणून.”

“सांगू पण नका,” कमळ म्हणाली. “तुम्ही सांगितलं की मला धसकाच बसतो.” पण जाताना तिने कोपराने त्याला बाजूला सारलं, लग्नानंतरच्या दिवसांत सारायची तसं, आणि तिच्या हळदीचा एक पट्टा त्याच्या बाहीवर उठला.

पंगत बसली. हिरामणने मटण मागून घेतलं. वेणूबाईने वरणाचा टोप दिनानाथपुढे आणून ठेवला. “आता एवढं सगलं तुमीच संपवायचं, मामा. खोटं तुमी शिजवलंत.” दिनानाथ मुकाट्याने भातावर वरण ओढत राहिला. जेवताना हिरामणने आपला दुसरा पेला घेतला, सांगितला होता तसा, आणि पेला पालथा घातला. समोर बसलेल्या चुलतभावाने तो पालथा पेला पाहिला, बाटली जराशी पुढे केली, मग मागे घेतली.

हात धुवून तो मांडवाच्या टोकाच्या खुर्चीवर बसला. पूर्वी त्याच्या शेजारी येऊन बसली आणि बोटांवरची हळद नखाने खरवडायला लागली. नामा दूर ट्रेलरच्या सावलीत एकटाच बसला होता. मितेश त्याच्याकडे एकदा जाऊन आला, पाण्याची बाटली ठेवून. काही बोललं गेलं नाही, निदान इथून तरी तसं दिसलं.

प्राप्ती आली तेव्हा तिचं तोंड, हात, पाय, सगळं पिवळं होतं. ती त्याच्यासमोर उभी राहिली. तिने माळांकडे बघितलं नाही.

“बाबा, कुशलच्या आईचा निरोप आलाय. संध्याकाळीच आला. नोकरी सोडायची म्हणतायत. रात्रपाळी असते म्हणून. उद्या सासरी पाऊल टाकायच्या आधी काय ते सांगा म्हणाल्या.” ती एका दमात बोलली. “आई म्हणाली, सकाळी विचार. पण सकाळी मला वेळ नाही मिळणार. मी काय करू?”

इतके दिवस ज्या गोष्टीची वाट बघितली ती अशी, हळदीने माखलेली, घाबरलेली, समोर उभी होती.

“कुशल काय म्हणतो?”

“तो म्हणतो कर. पण घरात त्याच्या बाबांचा शब्द चालतो.”

“तुला काय करायचंय?”

“करायची आहे.”

“थांब इथे,” तो म्हणाला, आणि व्याह्यांना फोन लावला.

तिकडेही हळद होती. बेंजोचा आवाज फोनमधून इतका आला, की पूर्वीने कानावर हात ठेवला. हिरामणने फोन स्पीकरवर टाकला.

“बोला व्याही, बोला,” व्याही म्हणाले. “तुमचाच इषय चालला व्हता.”

“प्राप्तीच्या नोकरीचं विचारायचं होतं.”

“करू दे की. नोकरी करू दे, धंदा करू दे, इमान चालवू दे. आपली पोरगी हाय ती.”

“रात्रपाळी असते तिला.”

“रात्रपाली करू दे. कोन नाय बोलला? मी हाय ना.”

प्राप्तीचा चेहरा उजळला. तिने हळदीचे हात तोंडाशी नेले. हिरामण मात्र फोनकडे बघत होता. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. अघळपघळ, मायेने ओथंबलेला, सगळ्या जगाला सगळं देऊन टाकणारा. त्याने आणखी एक विचारलं.

“आणि व्याही, नोकरी सोडली तर?”

“सोडू दे की. बसून खाऊ दे. व्याही, तुमच्यासाठी कायपन.”

“बरं,” हिरामण म्हणाला. “जेवून घ्या. सकाळी बोलतो.” त्याने फोन ठेवला.

“हो म्हणाले ना ते?” प्राप्तीने विचारलं. पण आता तिच्याही आवाजात खात्री उरली नव्हती.

“रात्रीचं हो आहे ते,” पूर्वी म्हणाली. तिने नखातली हळद फुंकून टाकली. “आजोबा, तू त्यांना सकाळी विचार.”

“सकाळीच विचारतो. उजाडायला फोन करतो, आंघोळीला जायच्या आधी.” मग तो प्राप्तीकडे वळला. “व्याही चांगला माणूस आहे. सकाळी नीट बोलेल. कदाचित नाय म्हणेल. म्हणाला तर त्याला मी सांगणार, पोरीला नोकरी करायची आहे आणि ती करणार. कुशलला तेव्हा माझ्या बाजूने बोलायला सांग. पाळी बदलून घेता येते का, ते तू यार्डात बघ. पण सोडणार नाय, एवढं आत्ता ठरलं.”

“आणि ते चिडले तर? वऱ्हाडच नाही आलं तर?”

“येईल. चिडून आलं तर चिडलेल्यांना चहा देऊ. लग्नाच्या आधी चिडलेला माणूस बरा, नंतरचा वाईट.”

प्राप्तीने त्याच्याकडे नीट पाहिलं, डोळ्यांकडे, मग हातांकडे. आपण तसं बघतोय हे लक्षात आल्यावर ती ओशाळली. हिरामणला त्याचं वाईट वाटलं नाही. बघायलाच हवं होतं तिने.

“सकाळी मला परत विचार,” तो म्हणाला. “मी हेच सांगतो की नाय ते बघ. पूर्वी साक्षीला आहे.”

पूर्वीने मान डोलावली. आतून कमळने प्राप्तीला हाक मारली. तोंड धुवायचं होतं, मेंदीवाली खोळंबली होती. प्राप्ती दोन पावलं गेली, आणि परत आली.

“बाबा, आणखी एक विचारू?”

हिरामणने शेजारच्या खुर्चीवरचं हळदीचं ताट उचलून खाली ठेवलं.

“विचार,” तो म्हणाला.